पाळणाघरातल्या मदतनिसाची चारित्र्य पडताळणी: दोन नोंदी, दोन वेगळ्या चुका

पार्श्वभूमी

पुण्यातलं एक पाळणाघर. सहा महिने ते सहा वर्षं वयाची साधारण ४० मुलं आणि ११ कर्मचारी. निम्म्याहून जास्त मुलं एकाच कंपनीतल्या कर्मचाऱ्यांची आहेत. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला तेव्हा पाळणाघराची सोय करावी लागे, आणि या कंपनीनं ती या संस्थेशी करार करून केली होती.

सुनंदाताई २०१८ पासून तिथे मदतनीस. (नाव बदललं आहे, ओळख पटू शकेल असे तपशीलही बदलले आहेत.) सगळ्यात लहान गट त्यांच्याकडे: भरवणं, लंगोट बदलणं, दुपारी झोपवणं. सहा वर्षांत तक्रार एकही नाही. कामावर घेताना आधार कार्ड पाहिलं होतं आणि त्या आधी जिथे काम करायच्या त्या घरी एक फोन केला होता. पोलीस पडताळणी झालीच नव्हती.

पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा) नियम, २०२० मधला नियम ३ याबाबत स्पष्ट आहे. शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी, म्हणजे मुलांशी नियमित संबंध येणारी कोणतीही संस्था असो. तिनं कायम आणि कंत्राटी अशा प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करून घ्यायची असते. नियम कागदावर होता. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं दोन लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघडकीस आलं आणि सगळीकडे धावपळ सुरू झाली. कंपनीनंही पत्र पाठवलं: सहा आठवड्यांत सर्व कर्मचाऱ्यांची पडताळणी, नाहीतर कराराचा फेरविचार.

संस्थेनं दोन वाटांनी काम सुरू केलं. घाईचं म्हणून एका खासगी पडताळणी एजन्सीकडे नावं दिली आणि सोबत प्रत्येकाकडून राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज भरून घेतला.

अडचण

ऑक्टोबर २०२४ मध्ये एजन्सीचा अहवाल आला. सुनंदाताईंच्या नावापुढे लाल खूण. २०१९ चा गुन्हा, भारतीय दंड संहितेचं कलम ३८१, म्हणजे नोकरानं मालकाच्या ताब्यातल्या मालाची केलेली चोरी. खटला न्यायालयात प्रलंबित.

काही दिवसांनी पोलिसांचं प्रमाणपत्र आलं. त्यात चोरीचं नाव नाही, भलतीच नोंद: २०१२ चा गुन्हा, मूळ गावाच्या तालुक्यातला, कलम ४९८अ, ३२३, ५०४, ५०६ सह ३४, म्हणजे सासरच्यांनी मिळून केलेला विवाहितेचा छळ, मारहाण, अपमान आणि धमकी. आणि त्यापुढे एकच शब्द, 'न्यायप्रविष्ट', म्हणजे खटला अजून न्यायालयात.

सुनंदाताईंनी संस्थेच्या स्वयंघोषणापत्रात खटल्याच्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं होतं. संचालिकांच्या टेबलावर आता तीन कागद होते आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नव्हते. विश्वस्तांपैकी एकाचं म्हणणं असं की दोन गुन्हे आहेत आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्या खोटं बोलल्या आहेत. वरवर पाहिलं तर तसंच दिसत होतं.

खरी परिस्थिती अशी होती. चोरीचा गुन्हा त्यांचा नव्हताच. ४९८अ चा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला होता, पण जुलै २०१७ मध्ये त्यातून निर्दोष मुक्तता झाली होती. भावाच्या बायकोनं नवरा, सासू, सासरा आणि नणंद अशा चौघांवर फिर्याद दिली होती. नणंद म्हणजे सुनंदाताई, आरोपी क्रमांक ४. त्या २००८ पासून लग्न होऊन पुण्यात राहत होत्या. पहिली नोंद दुसऱ्या बाईची होती आणि दुसरी नोंद अर्धवट होती. दोन्ही चुकीच्या, पण चुकीची जात वेगळी, म्हणून दुरुस्तीची वाटही वेगळी. हे आधी वेगळं केलं नसतं तर पुढचे सगळे अर्ज चुकीच्या टेबलावर गेले असते.

चुका कशा झाल्या

एजन्सीची पद्धत साधी असते. ती न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर नाव टाकून शोधते. तिथे पक्षकाराचं नाव दिसतं, जन्मतारीख नाही, आधार क्रमांक नाही, बऱ्याचदा पूर्ण पत्ताही नाही. चोरीच्या खटल्यात आरोपीचं नाव 'सुनंदा डी.' आणि पुढे आडनाव एवढंच होतं. सुनंदाताईंच्या नवऱ्याचं नाव दत्तात्रय. नाव जुळलं, आद्याक्षर जुळलं, आडनाव जुळलं, जिल्हा जुळला. लाल खूण पडली.

शिवाय एजन्सीनं फक्त राहत्या जिल्ह्यात शोध घेतला होता. म्हणून जो गुन्हा खरोखर त्यांच्यावर दाखल झाला होता, तो तिला सापडला नाही. बायकांच्या बाबतीत हा घोळ जास्त होतो. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. एकाच बाईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आधारवर आणि फिर्यादीत तीन नावं असू शकतात. नुसत्या नावावर शोध घेणारी यंत्रणा परक्या बाईला पकडते आणि हव्या त्या बाईला सोडून देते.

पोलिसांकडची चूक समजायला सीसीटीएनएस समजून घ्यायला हवं. गुन्ह्यांची नोंद ठेवणारी ही देशव्यापी संगणक प्रणाली महाराष्ट्रात सप्टेंबर २०१५ पासून सुरू झाली. त्याआधीचे गुन्हे नोंदवहीतून बघून संगणकात भरले गेले. प्रणालीत तपासाचे सात नमुने असतात. पहिला प्रथम खबरीचा, तिसरा अटकेचा, पाचवा अंतिम अहवालाचा म्हणजे दोषारोपपत्राचा, सहावा न्यायालयाच्या निकालाचा, सातवा अपिलाच्या निकालाचा. सहावा नमुना आपोआप भरला जात नाही. न्यायालयातून निकाल कळला की पोलीस ठाण्यात कुणीतरी बसून तो भरावा लागतो. भरला नाही तर माणूस संगणकात वर्षानुवर्षं 'न्यायप्रविष्ट' राहतो.

इथे आणखी एक गुंता होता. २०१४ मध्ये तालुक्याच्या ठाण्याचं विभाजन होऊन नवं ठाणं झालं आणि गाव नव्या ठाण्याकडे गेलं. २०१२ चा गुन्हा संगणकात जुन्या ठाण्याच्या नावावर चढला. २०१७ चा निकाल मात्र न्यायालयाच्या कामाला जाणाऱ्या हवालदारानं नव्या ठाण्यात कळवला, कारण गाव त्यांचं. नव्या ठाण्यानं तो वहीत लिहिला. जुन्या ठाण्याची संगणकातली नोंद त्यांना बदलता येत नव्हती, आणि जुन्या ठाण्याला निकाल कळवायला हवा हे कुणाला सुचलं नाही.

विचारात घेतलेले पर्याय

संस्थेपुढे चार पर्याय होते: ताबडतोब काढून टाकणं, बिनपगारी रजा, भरपगारी रजा, किंवा मुलांशी थेट एकटीचा संबंध येणार नाही असं काम.

पहिले नऊ दिवस संस्थेनं बिनपगारी घरी बसवलं. हा निर्णय घाबरून घेतलेला होता. मग संचालिकांनी स्वयंघोषणापत्र पुन्हा वाचलं. त्यातला प्रश्न होता: 'आपल्याविरुद्ध कोणताही फौजदारी खटला प्रलंबित आहे का?' प्रलंबित. २०१७ मध्ये सुटलेल्या बाईनं याला 'नाही' म्हणणं म्हणजे खरं उत्तर देणं. सर्वोच्च न्यायालयानं अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालात हाच मुद्दा सांगितला आहे. माहिती दडवली असं म्हणायचं तर अर्जातला प्रश्न नेमका असायला हवा. जे स्पष्ट विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून दोष देता येत नाही. निकाल सरकारी नोकरीसंदर्भातला आहे, पण मोजपट्टी म्हणून कोणत्याही संस्थेला उपयोगी पडतो.

हे लक्षात आल्यावर चौथा पर्याय निवडला. सुनंदाताई पूर्ण पगारावर स्वयंपाकघर आणि साहित्याच्या नोंदी बघतील, मुलांच्या खोलीत एकट्या जाणार नाहीत, दर १५ दिवसांनी आढावा. सगळं लेखी दिलं, आणि 'हा शिक्षेचा भाग नाही' असं वाक्य त्यांनी मागितलं म्हणून त्यात घातलं. आमच्या मते हाच निर्णय पहिल्या दिवशी व्हायला हवा होता. मुलांची काळजी घेण्याचं काम त्यानं जराही ढिलं पडलं नसतं, आणि नऊ दिवसांचा पगार मागाहून चुकता करायची वेळ आली नसती.

सुनंदाताईंपुढचे पर्याय वेगळे होते. एक, गप्प बसून दुसरीकडे काम शोधणं. हा पर्याय बहुतेक जणी निवडतात, आणि पुढच्या ठिकाणी तोच कागद पुन्हा समोर येतो. दोन, उच्च न्यायालयात रिट याचिका करून नोंद दुरुस्त करण्याचे आदेश मागणं. ठाम वाट, पण वेळ आणि पैसा दोन्ही खाणारी. आणि प्रशासनाकडे आधी दाद मागितली का, हा प्रश्न तिथे पहिला येणार. तीन, आधी अर्ज, माहिती अधिकार आणि वरिष्ठांकडे पाठपुरावा, आणि ते जमलं नाही तरच याचिका. तिसरी वाट धरली.

वकिलाच्या खर्चाची भीती होती. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केल्यावर पॅनेलवरच्या वकील मिळाल्या. हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कृती: चोरीच्या नोंदीचं काय केलं

ई-कोर्ट्सवरच्या खटल्याच्या माहितीत पोलीस ठाण्याचं नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर असतो. त्यावरून प्रथम खबर अहवाल राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता आला. संवेदनशील गुन्हे वगळता असे अहवाल संकेतस्थळावर टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. अहवालात आरोपी: सुनंदा दिलीप, आडनाव तेच, वय २९. दत्तात्रय नाही, दिलीप. आपल्या सुनंदाताई त्या वर्षी ३३ च्या होत्या.

संस्थेला हे पटलं. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला पटलं नाही. 'दुसरं लग्न असेल, वय चुकीचं सांगितलं असेल. पोलिसांचा कागद आणा.'

त्या ठाण्यात पहिला अर्ज दिला तो असा: 'सदर गुन्ह्यातील आरोपी मी नसल्याचा दाखला मिळावा.' ठाणे अंमलदारानं वाचला आणि परत केला. "ताई, असा दाखला द्यायची आमच्याकडे पद्धत नाही." त्याचं बरोबर होतं. ठाणं आपल्या नोंदी बघून उत्तर देऊ शकतं, एखाद्याच्या निर्दोषपणाचे दाखले देऊ शकत नाही.

वकिलांनी मागणीच बदलली. दुसरा अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे: 'गु.र.नं. अमुक मधील अटक आरोपी व अर्जदार या एकच व्यक्ती आहेत किंवा कसे, याची आपल्या अभिलेखावरून खातरजमा करून लेखी कळवावे.' सोबत आधारची प्रत, विवाह नोंदणीचा दाखला, अलीकडचा फोटो आणि पाळणाघराच्या हजेरीपटाच्या त्या महिन्याच्या पानाची साक्षांकित प्रत. आरोपीच्या अटकेच्या दिवशी सुनंदाताई सकाळी ८ ते संध्याकाळी ६ कामावर होत्या आणि दोन्ही वेळच्या सह्या पानावर होत्या. अर्ज आवक शाखेत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असं समजूच नये.

इथे एक पर्याय पुढे आला होता: बोटांचे ठसे जुळवून बघणं. पुरावा म्हणून त्याला तोड नाही. पण ज्या बाईचा त्या गुन्ह्याशी संबंध नाही, तिनं स्वतःहून ठसे का द्यायचे आणि ते पुढे कुठे राहतील, हा वकिलांचा प्रश्न रास्त होता. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ नुसार पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, दोषारोपमुक्त झाला किंवा सर्व अपिलं संपून निर्दोष सुटला, तर न्यायालयानं किंवा दंडाधिकाऱ्यानं वेगळा आदेश दिला नसेल तेव्हा ठशांची नोंद नष्ट करायची असते. ही तरतूद आरोपींसाठी आहे. स्वखुशीनं ठसे देणाऱ्याची सोय त्यात शोधत बसण्यापेक्षा ठसे शेवटच्या पायरीसाठी राखून ठेवले.

गरज पडली नाही. तपास अधिकाऱ्यानं अटकेचा नमुना काढला. त्यात ओळखीच्या खुणांचा रकाना असतो, जो आपण सगळे विसरतो. तिथे लिहिलं होतं: 'उजव्या हाताच्या मनगटावर दिलीप असे गोंदलेले.' सुनंदाताईंना ठाण्यात बोलावलं, महिला पोलिसानं दोन्ही मनगटं पाहिली. गोंदण नाही, गोंदण काढल्याचा व्रणही नाही. अर्जानंतर १९ व्या दिवशी पत्र हातात आलं: 'सदर गुन्ह्यातील आरोपी व अर्जदार या भिन्न व्यक्ती असल्याचे अभिलेखावरून दिसून येते.'

कृती: ४९८अ च्या नोंदीचं काय केलं

पहिली गरज निकालाच्या प्रमाणित प्रतीची. २०१७ मध्ये निकाल लागला तेव्हा सगळे पेढे वाटून घरी गेले होते, नक्कल कुणीच काढली नव्हती. सात वर्षांनी फाइल रेकॉर्ड रूममध्ये. नियमित फौजदारी खटल्याचा क्रमांक माहीत होता म्हणून १२ दिवसांत प्रत मिळाली. क्रमांक नसता तर पक्षकारांची नावं आणि वर्ष यांवर शोधत बसावं लागलं असतं. एकदम तीन प्रमाणित प्रती घेतल्या: पोलीस ठाण्यासाठी, पोलीस अधीक्षक कार्यालयासाठी आणि स्वतःच्या फाइलसाठी.

निर्दोष मुक्ततेविरुद्ध सरकार किंवा फिर्यादी अपील करू शकतात. ते झालेलं नाही याची खात्री गुन्हा नंबरवरून सत्र न्यायालयाच्या नोंदी शोधून केली आणि त्या पानाची छापील प्रत जोडली. हे आधीच केलं तर 'अपिलाचं काय?' म्हणून अर्ज परत येत नाही.

नव्या ठाण्यात गेल्यावर कारकुनानं २०१७ ची वही काढली. निकालाच्या रकान्यात लाल शाईत स्वच्छ अक्षरात 'निर्दोष मुक्तता' आणि तारीख. म्हणजे ज्या ठाण्यानं प्रमाणपत्रासाठी 'न्यायप्रविष्ट' असा अहवाल पाठवला, त्याच ठाण्याच्या कपाटात सात वर्षं खरं उत्तर पडून होतं. अहवाल संगणकावरून केला गेला, वही कुणी उघडली नाही. संगणक दुरुस्त करायला मात्र जुन्या ठाण्याकडे जा म्हणाले. जुनं ठाणं म्हणालं, ते गाव आता आमच्याकडे नाही.

ही टोलवाटोलवी थांबवली ती माहिती अधिकाराच्या अर्जानं. महाराष्ट्रात हा अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो, शुल्क १० रुपये. 'माझी नोंद चुकीची का आहे?' असा प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही, कारण कायद्यानं कागद मिळतात, कारणमीमांसा नाही. म्हणून जुन्या ठाण्याकडे तीनच गोष्टी मागितल्या: सीसीटीएनएसमध्ये या गुन्ह्याची आजची स्थिती, न्यायालय निकालाचा नमुना भरला असल्यास त्याची तारीख आणि प्रत, निकाल मिळाल्याची आवक नोंदवहीतली नोंद. ३० दिवसांच्या आत उत्तर आलं. पहिल्याला 'न्यायप्रविष्ट', दुसऱ्याला आणि तिसऱ्याला 'नोंद आढळून येत नाही'.

या एका ओळीनं काम केलं. न्यायालयाचा निकाल एका हातात आणि तो प्रणालीत चढलेला नाही ही पोलिसांचीच कबुली दुसऱ्या हातात. दोन्ही जोडून पोलीस अधीक्षकांकडे अर्ज गेला. तिथल्या सीसीटीएनएस कक्षानं जुन्या ठाण्याला सहावा नमुना भरायला सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो भरला गेला.

संस्थेनं निकाल वाचला

कंपनीनं शेवटचा प्रश्न विचारला: सुटका साफ आहे की संशयाचा फायदा? प्रश्न गैर नाही. अवतार सिंग निकालातच म्हटलं आहे की सुटका तांत्रिक कारणानं किंवा संशयाचा फायदा देऊन झाली असेल तर नियोक्ता सगळी परिस्थिती पाहून ठरवू शकतो. पण मग परिस्थिती खरोखर पाहायला हवी, शिक्का पाहून चालणार नाही.

संचालिका आणि दोन विश्वस्तांनी १४ पानांचा निकाल पूर्ण वाचला. भाऊ आणि त्याची बायको परस्परसंमतीनं वेगळे झाले होते, आणि फिर्यादीनं साक्षीत सरकार पक्षाला साथ दिली नव्हती. एवढ्यावरून मूळ फिर्याद खोटी होती असं कुणी म्हणू नये. भावानं काय केलं हे त्या निकालातून कळत नाही. आरोपी क्रमांक ४ बद्दल मात्र मूळ फिर्यादीतही एकच वाक्य होतं: सणाला आल्यावर टोमणे मारायची. मुलांशी, मारहाणीशी, सांभाळातल्या हयगयीशी संबंध असलेलं काहीही नाही. संस्थेनं तीन ओळींचा कारणांसह निर्णय लिहून ठेवला: आरोपाचं स्वरूप, कामाशी असलेला संबंध, सहा वर्षांचं काम. डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे पोलिसांची दुरुस्ती पूर्ण व्हायच्या आधीच, सुनंदाताई पुन्हा लहान गटाकडे गेल्या. न्यायालयाची प्रमाणित प्रत हातात असताना संगणकासाठी थांबायचं कारण नव्हतं.

निष्पत्ती

मार्च २०२५ मध्ये नवं चारित्र्य प्रमाणपत्र आलं. नोंद गेलेली नाही. 'न्यायप्रविष्ट' च्या जागी 'निर्दोष मुक्तता' आणि जुलै २०१७ ची तारीख आली आहे. सुनंदाताईंना आधी वाटलं होतं की कागद कोरा येईल, आणि ही अपेक्षा सुरुवातीलाच दुरुस्त करायला हवी होती. प्रौढ माणसावर दाखल झालेला गुन्हा, तो सुटला तरी, अभिलेखातून पुसून टाकण्याचा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. घटनेच्या वेळी वय १८ च्या आत असेल तर गोष्ट वेगळी. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४(२) नुसार प्रलंबित, बंद झालेल्या किंवा निकाली निघालेल्या प्रकरणातली बालकाची नोंद पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठीसुद्धा उघड करायची नाही. तशी नोंद प्रमाणपत्रात आली तर दुरुस्ती मागू नये, ती नोंद काढूनच टाकायला सांगावी.

एजन्सीनं पोलिसांचं पत्र मिळाल्यावर तीन आठवड्यांनी सुधारित अहवाल दिला. पण जुना अहवाल कंपनीच्या ईमेलमध्ये तसाच होता. तो मागे घेतल्याचं लेखी उत्तर वेगळं मागावं लागलं.

या सगळ्यात एक गोष्ट फार उशिरा समोर आली. पाळणाघराच्या व्हॅनचा चालक आणि त्याच्यासोबतचा मदतनीस कंत्राटदाराकडून आले होते. रोज १४ मुलं त्यांच्या ताब्यात असत. त्यांची पडताळणी कुणीच केली नव्हती, कारण 'ते कंत्राटदार बघतो' असं धरलं होतं. नियम ३ मध्ये कंत्राटी कर्मचारी स्पष्टपणे येतात. चार महिने सगळ्यांची ताकद एका चुकीच्या लाल खुणेमागे गेली आणि ज्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. दोघांची पडताळणी जानेवारीत झाली. सुदैवानं काही निघालं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात मोठी चूक पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरच्या संदेशाची. एजन्सीचा अहवाल आल्याच्या संध्याकाळी एका विश्वस्तांनी लिहिलं, 'एका कर्मचाऱ्याच्या पार्श्वभूमीची चौकशी सुरू असून त्यांना कामावरून दूर ठेवले आहे.' दुसऱ्या दिवशी कोण दिसत नाही हे प्रत्येक आईनं पाहिलं. नाव लिहिलं नव्हतं, पण लिहायची गरजही उरली नव्हती. आरोपाची खातरजमा होण्याआधी पालकांना फक्त व्यवस्था सांगावी: कोणत्याही खोलीत एका वेळी दोन मोठी माणसं असतील, एवढं. पुढे संस्थेनं त्याच गटावर खुलासा टाकला. तो किती जणांनी वाचला, सांगता येत नाही. दोन पालक अजूनही मूल सोडताना सुनंदामावशींच्या हातात देत नाहीत.

एजन्सीशी करार करतानाच लिहून घ्यायला हवं होतं की पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि पत्ता यांपैकी किमान तीन गोष्टी जुळल्याशिवाय नोंद 'जुळली' म्हणून कळवायची नाही, आणि कळवण्याआधी प्रथम खबर अहवाल काढून पाहायचा. या प्रकरणात तो अहवाल दहा मिनिटांत मिळत होता.

घोषणापत्रात आता दोन वेगळे प्रश्न आहेत. सध्या प्रलंबित खटला आहे का. आणि मुलांवरील अत्याचार, लैंगिक गुन्हा, अपहरण किंवा गंभीर हिंसा या प्रकारच्या गुन्ह्यात पूर्वी कधी नाव आलं होतं का, आलं असल्यास निकाल काय. दुसऱ्या प्रश्नाखाली निकालाची प्रत जोडायला जागा आहे.

पडताळणीच्या मर्यादाही मांडून ठेवायला हव्यात. पोलिसांचा कागद दाखल झालेल्या गुन्ह्यांपुरता बोलतो. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, पण ती तपास यंत्रणांसाठी आहे, पाळणाघर ती उघडू शकत नाही. आधीच्या दोन कामांच्या ठिकाणी फोन करून 'मुलांजवळ एकटं सोडलं असतंत का?' असा सरळ प्रश्न विचारला, तर पुष्कळदा प्रमाणपत्रापेक्षा जास्त कळतं. हा फोन संस्थेनं आता सक्तीचा केला आहे.

आणि सुनंदाताईंच्या बाजूनं: २०१७ मध्ये निकालाची एक प्रमाणित प्रत दोन्ही ठाण्यांत देऊन पोच घेतली असती, तर २०२४ मध्ये यातलं अर्धं घडलं नसतं. त्यांना तसं सांगितलं कुणी नव्हतं. निर्दोष सुटलेल्या माणसाला न्यायालयाच्या दारातच हे सांगायला हवं, आणि ते काम त्याच्या वकिलाचं आहे.

दुसऱ्या सुनंदाबाईंचा चोरीचा खटला अजून चालू आहे. त्यामुळे पुढच्या पडताळणीत तेच नाव पुन्हा लाल होऊन येणार, हे धरूनच चाललं आहे. सुनंदाताईंच्या फाइलमध्ये त्यासाठी चार कागद आहेत: ठाण्याचं पत्र, निकालाची प्रमाणित प्रत, माहिती अधिकारातलं उत्तर आणि नवं प्रमाणपत्र. त्यांनी ती सगळी लॅमिनेट करायला काढली होती, वकिलांनी थांबवलं. प्लॅस्टिकखाली उठावाचा शिक्का बोटाला लागत नाही, आणि काही कार्यालयांत तेवढ्यावरून प्रत नाकारतात. आता ती साध्या पारदर्शक पाकिटात आहेत, आणि अर्जासोबत जातात त्या त्यांच्या झेरॉक्स.